वेबसाईटला तुझं नाव

माय, आज फार दमले आहे, पण हे तुला सांगितल्याशिवाय बरं वाटणार नाही. तू जाऊन कितीतरी वर्षं झाली. मुरमुऱ्यांची भट्टी दादा आणि मी अजून चालवतो, आणि आता तिची वेबसाईट निघाली आहे. बाहेरगावच्या लोकांनी फोनमध्ये पाहून माल मागवायचा. तिला एक नाव लागतं, आणि ते जगात दुसऱ्या कुणी घेतलेलं चालत नाही. त्या नावापायी आम्ही बहीणभाऊ भांडून भांडून थकलो.

दादाला आडनाव हवं होतं. ते पुण्याच्या कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं. गावाचं घालावं, तर अर्जुनी मोरगाव इंग्रजीत प्रत्येकजण वेगळंच लिहितो. गोंदियाची वेबसाईट बनवणारी मुलगी वैतागून म्हणाली, "दीदी, इतना लंबा मत रखो, बीच में डॅश भी नहीं. फोन पे एक बार बोलो और सामनेवाला सही लिख ले, ऐसा नाम दो." मी एकेक नाव सांगत होते, ती मान हलवत होती. शेवटी कंटाळून तुझं सांगितलं. तिनं टाइप केलं. मोकळं होतं. "ये किसका नाम है?" तिनं विचारलं.

तुला त्या नावानं हाक मारताना मी कुणाला ऐकलंच नव्हतं. बाबांसाठी तू 'आयकलं का', आजीसाठी 'मोठी', बाजारात 'मुरमुरेवाली'. शाळेत आईचं नाव लिहायला शिकवलं त्या दिवशी मी धावत घरी येते. तू चुलीपुढे आहेस, कढईतल्या तापल्या रेतीत तांदूळ फुटताहेत, आणि मी दारातूनच तुझं नाव घेऊन ओरडते. झारा हातात धरून तू वळतेस. "काऊन वरडून राहिलीस माह्या नावानं? लोकं आयकतेत ना!" मी रडकुंडीला येते. मग तू मूठभर गरम मुरमुरे माझ्या फ्रॉकच्या ओच्यात टाकतेस आणि हळूच म्हणतेस, "आखीन एकदा म्हन."

दादाला सांगितलं तर म्हणाला, "मायच्या नावानं कोन ओरखते आपल्याले?"

"कोनीच नाही ओरखत. म्हनूनच ठेवू."

दुसऱ्या दिवशी पाकिटांवरची चिठ्ठी त्यानंच तुझ्या नावानं छापून आणली.

आता नागपूरहून, रायपूरहून फोन येतात. लोक तुझं नाव घेऊन विचारतात, त्या तुम्हीच का? आधी मी सांगायची, ती माझी माय, ती गेली. मग पलीकडचा माणूस हळहळायचा, कशी गेली ते विचारायचा. रोज तेच सांगायचं त्राण राहिलं नाही. हे पत्र कुठं जायचं नाही, आणि दादालाही ठाऊक नाही, पण हल्ली मी नुसतं म्हणते, "हो, मीच. बोला."