उत्तरबंदरचे दिवे आणि माझं घर

मी, व्हर्ना हापाला, माहेरची रिंटाला, वय त्र्याहत्तर, राहणार थंडर बे, ऑन्टारियो, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात बसून राजीखुशीने आणि रागाने लिहून ठेवत आहे. राजीखुशी कायद्याला लागते. राग माझा स्वतःचा आहे. माझी फुप्फुसं गेली आहेत, डोकं ठिकाणावर आहे, आणि डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र मी आज रद्द करते. त्यात माझा धाकटा भाऊ डेल्बर्ट याच्या नावे अर्धं घर होतं. आता का नाही, ते पुढे येईलच.

कलम पहिले. माझी मिळकत म्हणजे हे घर, मागच्या अंगणातली सौना, बँकेतली शिल्लक आणि तळघरात बटाट्यांच्या पेटीशेजारी चालू असलेलं यंत्र. वकीलबाईंनी त्या यंत्रापुढे 'जुना संगणक, किंमत नगण्य' असं लिहिलं होतं. मी ते खोडलं. म्हटलं, "बाई, त्यात साडेतीनशे माणसं राहतात." त्यांनी डॉक्टरांचा दाखला पुन्हा एकदा वाचला.

तेव्हा सांगते. त्या यंत्रावर संगणकाचा एक खेळ चालतो. खेळ एका मोठ्या कंपनीचा आहे, पण आपल्या घरच्या यंत्रावर आपलं गाव वसवायची मुभा तिने सगळ्यांना दिली होती. माझा नवरा ओर्वो रेल्वेतून निवृत्त झाला त्या हिवाळ्यात त्याने उत्तरबंदर नावाचं गाव वसवलं. मी जन्मभर धान्याच्या कोठारांवर वायरिंग केलेली बाई. मी म्हटलं, हे काय पोरखेळ! महिन्याभरात मीच तिथे होड्यांसाठी धक्का बांधत होते. मग आपापल्या घरून खेळणारे लोक आले. कोणी ट्रक चालवणारा, कोणी खाणीतला, कोणी अंथरुणाला खिळलेला. विजेचं बिल वाढलं तसे तेच म्हणाले, वर्गणी काढू.

वर्गणी देणाऱ्याच्या नावाचा एक दिवा धक्क्यावर लागायचा, खाली पितळी पाटी. खेळात संध्याकाळ झाली की ओर्वो शिडी घेऊन निघायचा आणि एकेक दिवा हाताने लावायचा. "आपोआप लागतील अशी सोय करून देते," मी म्हणायचे. तो म्हणायचा, "आपोआप लागतात ते रस्त्याचे दिवे. हे माणसांचे आहेत." ओर्वो गेल्यावर गावाने वर्गणी काढून त्याचा दिवा लावला, धक्क्याच्या शेवटून दुसऱ्या खांबावर. तेव्हापासून शिडी माझ्याकडे.

कलम दुसरे. कंपनीला मी काहीही देत नाही. शिव्या देणार होते, पण त्याही त्यांनी दुकानात विकायला ठेवल्या असत्या. गेल्या वर्षी त्यांनी नवे नियम काढले. गावात पैसे घेऊन काही द्यायचं तर ते अख्ख्या जगाला सारखंच विकायचं, त्यांच्याच दुकानातून, आणि तिसरा हिस्सा त्यांचा. नाहीतर फुकट द्या. म्हणजे आमची वर्गणी ही विक्री, आणि दिवा हा माल! अहो, माझ्या नवऱ्याची आठवण माल? लाज कशी वाटत नाही?

कलम तिसरे. माझा भाऊ डेल्बर्ट रिंटाला. मी नाकात नळी घालून इस्पितळात पडले होते, तेव्हा गावाच्या किल्ल्या, म्हणजे यंत्राचा ताबा, त्याच्याकडे होता. हा शहाणा नियम पाळायला गेला आणि दिवे दुकानात मांडून बसला. आठवड्याच्या आत कुठल्या कुठल्या टवाळांनी दिवे विकत घेऊन त्यांवर अशी नावं टांगली, की ती या कागदावर लिहायला मला दुसरा जन्म घ्यावा लागेल. डेल्बर्ट घाबरला. त्याने यंत्राला एकच हुकूम देऊन सगळेच दिवे उडवले, घाणेरडे आणि आपले, सरसकट. मी इस्पितळातून फोन लावला.

"अगं व्हर्ना, ओरडू नकोस, नळी निघेल तुझी. नियमच आहे तसा."

"ओर्वोचा दिवा काढ असं नियमात लिहिलं होतं?"

"सगळे एकाच यादीत होते गं, वेगळे कुठे काढत बसू? आणि शेवटी खेळच आहे ना!"

खेळच आहे. दर शनिवारी आमच्या सौनेत अंग शेकून, ओर्वोच्या हातचा भाजलेला मासा चापून हा माणूस आयुष्यभर फुकट ढेकर देत घरी गेला, आणि म्हणतो खेळच आहे. मी त्याला माफ केलेलं नाही. मेल्यावरही करणार नाही.

कलम चौथे. दिवे गेलेले नाहीत. दर रविवारी मी गावाची नक्कल काढून ठेवत आले. ती डिस्क कॉफीच्या डब्यात आहे. परत लावते म्हणून कळवलं तर कंपनीचं उत्तर आलं, की विकलेला माल दुकानाबाहेर परत मांडलात तर तुमच्या गावाचं दार बंद करू.

ठीक आहे. मग विक्रीच मोडते. माझ्या मागे हे घर विकावं. त्या पैशातून ज्याने ज्याने वर्गणी दिली त्याला ती परत करावी. जो हयात नाही त्याच्या घरी पोचवावी. ओर्वोच्या दिव्यासाठी दिलेलीही परत करावी. म्हणजे एकही दिवा विकलेला उरणार नाही. मग सगळे लावा. उरलेल्या पैशातून वीज, इंटरनेटची लाइन आणि नवं यंत्र चालवावं, आणि यापुढे कोणाकडून छदामही घेऊ नये.

हे सगळं बघण्यासाठी मी कापुस्केसिंगच्या ज्युएल बोड्री हिला नेमते. ती बर्फ उपसायची गाडी चालवते. प्रत्यक्षात आम्ही दोनदाच भेटलो, पण संध्याकाळी धक्क्यावर मात्र रोज. यंत्र, डिस्क आणि माझी हत्यारपेटी तिला. ती पाना उलटा धरते, शिकेल. तिला हे सांगितलं तेव्हा भांडलीच.

"मी पैसे परत घेणार नाही, व्हर्ना. मनापासून दिले होते."

"घ्यावे लागतील. नाहीतर तुझा दिवा विकलेला ठरतो."

"मग राहू दे माझा विझलेला."

"ज्युएल, मी मरायला टेकलेय, वाद घालू नकोस."

"दर वेळी मरण पुढे करतेस तू!" ती म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले, मग नळी नीट केली.

कलम पाचवे. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातलं काहीही मिळत नाही. ते ऐकल्याबरोबर साक्षीदार कोण, हे मी ठरवून टाकलं. डेल्बर्टला फोन केला. "येतो की!" म्हणाला. "नवं पेन आणू?" म्हटलं, आण बाबा, आण. उत्तरबंदरात यायला मात्र त्याला बंदी नाही. त्याने यावं, आणि दिवे बघत धक्क्यावरून चालावं.

कलम सहावे आणि शेवटचे. उद्या कंपनी विचारेल, या बाईने एवढे पैसे ओतले, बदल्यात तिला काय दिलंत? उत्तर खरं असलं पाहिजे: काही नाही. म्हणून माझ्या नावाचा दिवा लावायचा नाही. पाटी नको, बाक नको, होडीलाही माझं नाव नको. ज्युएल, मी तुला ओळखते, तू चोरून लावशील. लावायचा नाही. ओर्वोच्या पलीकडचा शेवटचा खांब मी इतकी वर्षं माझ्यासाठी मोकळा ठेवला होता. तो तसाच राहू दे. मला त्याचं वाईट वाटतं, फार वाटतं, हेही इथे नोंदवून ठेवते.

दिवे हाताने लावा. ओर्वोचा लावून झाला की शिडी उचला आणि परत फिरा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि एक शब्दही मागे घेतलेला नाही.

सही: व्हर्ना हापाला
ठिकाण: थंडर बे, ऑन्टारियो
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४

व्हर्नाबाईंनी आम्हा दोघांसमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर. मजकूर आम्हाला वाचून दाखवलेला नाही.

साक्षीदार पहिली: नोरीन मॅकवाट, शेजारीण
साक्षीदार दुसरा: डेल्बर्ट रिंटाला, भाऊ. सही स्वतःच्या नव्या पेनाने केली.