हाकेच्या अंतरावरचं घर

याडी,

तुला मराठीत लिहितोय याचं तुला हसू येईल. आईला 'याडी' म्हणणाऱ्या आपल्या बंजारा बोलीला लिपी नाही, आणि मला जी अक्षरं आली ती आर्णीच्या शाळेत छडी खाऊन आली. म्हणून तू जे आपल्या बोलीत बोललीस ते मी इथे वऱ्हाडीत उतरवणार. तुझ्या तोंडी ती काही परकी नव्हती. आठवडी बाजारात मिरचीवालीशी तू याच भाषेत भांडायचीस, आणि ती बाई शेवटी मूठभर मिरची जास्तीची टाकून म्हणायची, "घे माय, पण आता जाय इथून."

परवा शेजारचे एक गृहस्थ आले. त्यांची जोधपूरला बदली झाली आहे. मी तरुणपणी तिकडच्या वाळवंटात नोकरी केलेली त्यांना माहीत, म्हणून घर कुठे बघावं ते विचारायला आले होते. मी चहा मागवला, पाय पसरले आणि मोठ्या जाणत्या माणसासारखं सांगितलं, "भर वस्तीत बघा. मोकळ्या हवेच्या नादी लागू नका." ते माझ्या पाया पडायचेच बाकी राहिले. ते गेल्यावर मात्र मी पसरलेले पाय आवरून घेतले, कारण ही अक्कल माझी नव्हे. ती तुझी आहे, आणि तू ती मला दिलीस तेव्हा मला राग आला होता.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी मी यवतमाळच्या जिनिंगात होतो. कापसाचे बोजे वाहण्यापासून सुरुवात केली, मग यंत्रांना तेल देऊ लागलो, मग फिटरच्या हाताखाली आणि मग स्वतः फिटर. मला शिकवायला कोणी बसलं नव्हतं. मी नुसता ऐकत गेलो. कोणतं चाक सुकं फिरतंय, कोणता पट्टा सैल झालाय, हे मला कानाने कळायचं, आणि फोरमन साहेब काय बोलणार आहेत तेही त्यांच्या चपलांच्या आवाजावरून कळायचं. तू कधी तांड्यावरून यायचीस तर जिनिंगच्या फाटकातूनच मला तुझा पत्ता लागायचा. कोपरापर्यंत बांगड्या, फेटियाच्या घेराला आरसे, केसांत घुंगरं. चौकीदार ओरडायचा, "फिटर, तुही माय आली, दुकान घेऊन आली!" मी धावत यायचो, आणि तू सगळ्यांच्या देखत माझ्या केसांतला कापूस वेचत बसायचीस, माझं लग्न झालं होतं तरी.

मग सेठजींनी मला बोलावलं. त्यांच्या मेहुण्याची बिकानेरला लोकरीच्या गाठी बांधायची प्रेस होती आणि तिथला फिटर पळून गेला होता. गाठ कापसाची काय, लोकरीची काय, प्रेस तीच. पगार जास्त, हुद्दा मोठा, हाताखाली माणसं. मी सेठजींना हो म्हणून आलो आणि घरी येऊन चुलीपाशी बसलो. तू तेव्हा सुनेच्या दिवसांचं पाहायला आमच्याकडे आली होतीस. भाकर थापत होतीस, हात थांबला नाही.

"कुठे हाय ते?"

"लांब. वाळूत."

"पाणी?"

"खोल विहिरीतलं."

"अन् लोकं कोणते?"

"सेठजी म्हणतात, तुमचे वाडवडील तिकडूनच आलेले. बोली पण सारखीच. म्हणजे आपलंच गाव म्हण."

तू भाकर उलटलीस. "आलो असन. पण मंग कायले तरी निघालो असन ना तिथून?"

ही हसली, मी हसलो, तू नाही हसलीस. ही म्हणाली, "याडी येत असन त माही ना नाही. एकलीनं माहं बाळंतपण तिथे नाही होत." तेव्हा तू मला सरळ सांगितलंस की येऊन जागा पाहीन, जागा पटली तर राहू. नाही पटली तर सुनेला घेऊन परत तांड्यावर जाईन. "तू बस तिथं मेंढ्यायची लोकर घेऊन." तुझा शब्द कसा असतो ते मला माहीत होतं. म्हणजे बिकानेरात मला नुसती खोली शोधायची नव्हती. ती पटली नसती, तर पहिलं मूल माझ्या पाठीमागे कुठेतरी जन्मलं असतं, आणि मी कार्डावर वाचलं असतं.

यवतमाळची छोटी गाडी, मग मूर्तिजापूर, मग गाड्या बदलत बदलत आपण पोचलो. प्रेसच्या आवारात एक पत्र्याची खोली फुकट मिळत होती. तिथे दिवसभर इंजिनाची धडधड आणि हवेत लोकर. दोन दिवसांत ही खोकायला लागली. तू म्हणालीस, "हे घर नाही, हे यंत्राचं पोट हाय." मी प्रेसवरून सुटलो की शहरात खोली शोधायला जायचो. तुम्हा दोघींना सांगायचो, पाहतोय, चांगली मिळाली की सांगतो.

खरं काय झालं होतं ते मी तेव्हा बोललो नाही. शहराच्या कोटाच्या आतल्या गल्लीत एका दारी मी विचारलं. नाव, गाव, काम सगळं पसंत पडलं. मग जात विचारली. मी सांगितली. तो माणूस म्हणाला, "अरे भाई, कमरा तो कल ही दे दिया." आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, कोण आहे म्हणून. रिकाम्या खोलीतून बोललेलं वेगळं वाजतं, याडी. ती खोली रिकामी होती. पुढच्या गल्लीत दुसरं दार. तिथे तर मी बोलायच्या आधीच आतली कडी लागली. तिसऱ्या दाराकडे माझे पाय गेले नाहीत. मी वळलो आणि सरळ वेशीबाहेर चालत सुटलो.

आणि तिथे ते घर दिसलं. एकटं, वाळूच्या चढावर, पांढऱ्या भिंतींचं. एक म्हातारा उंटवाला ते द्यायला तयार होता आणि त्याने माझी जात विचारली नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी परत येतानाच भाषण तयार केलं. दुसऱ्या दिवशी तुम्हा दोघींना घेऊन गेलो आणि अंगणात उभं राहून ते केलं. बा नेहमी सांगायचा तेच. आपल्या लोकांनी तांडा कधी गावाला चिकटून बसवला नाही. चढ बघावा, वाट दिसावी, वारा खेळावा. गावातल्या घाणीपासून दूर. "बघ याडी, अगदी आपल्या चालीचं घर सापडलं. वारा बघ कसा येतो!"

वारा खरंच छान होता. हिच्या डोक्यावरचा पदर उडत होता.

तू चालू लागलीस. अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिलीस, दोन्ही हात तोंडापाशी नेलेस आणि हाक मारलीस. चुकलेल्या बैलाला रानात मारतात तशी, लांब आणि उंच. मी दचकलो. हाक वाळूवरून गेली आणि गेलीच. खूप दूर एका उंटाने मान वळवली. तू थांबून राहिलीस, कोणी यायची वाट पाहिल्यासारखी.

"आलं कोणी?" तू विचारलंस.

"इथे कोण येईल याडी? लांब लांब कोणी नाही."

"तेच म्हणून राह्यली." मग माझ्याजवळ आलीस. "बाहेर राहाचं म्हणतं त राहू. माहा जलम बाहेरच गेला. पण वाऱ्याचं नाव नको सांगू मले. तुहा बा सांगे ते लेकरायले सांगाचं असते. गावात कोणी घेत नव्हतं, म्हणून चढावर राहत होतो. तिथं वारा होता, त मंग म्हणे वारा चांगला हाय."

मला राग आला. बा गेलेला, त्याची एवढी एक मिरवायची गोष्ट, आणि तू ती अशी उघडी करून ठेवलीस, तीही हिच्यासमोर. परत येताना मी तुमच्या दहा पावलं पुढे चाललो. तू मात्र रस्ताभर हिला विचारत होतीस, इथे अंबाडी मिळत नसेल तर डोहाळ्याला काय खाशील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू न्हालीस, ठेवणीतला फेटिया नेसलीस, सगळे आरसे, सगळ्या बांगड्या. हिला म्हणालीस, "भाजी पाहून येते." मी डबा घेऊन प्रेसकडे निघालो, निदान तुला तसं वाटलं. भाजीला जाताना तू एवढी नटत नाहीस हे मला माहीत होतं. मी तुझ्या घुंगरांच्या मागे मागे आलो, आणि कोटातल्या एका गल्लीच्या तोंडाशी एक उंटगाडी सोडून ठेवली होती, तिच्या आडोशाला थांबलो.

तू गल्लीच्या मध्यावर उभी राहिलीस आणि कालचीच हाक मारलीस. दगडी घरांत ती अशी घुमली की पारवे उडाले. दारं उघडली, वरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कोणीतरी बाई ओरडली, "कौन मर गया?"

"कोणी नाही मेलं," तू म्हणालीस. "जलमाले येणार हाय."

बायका हसल्या. एक म्हातारी ओट्यावर सुपात मटकीची डाळ निवडत होती. तिने तुला जवळ बोलावलं. तुझ्या बोलीतलं निम्मं तिला कळत होतं, तिच्यातलं निम्मं तुला, आणि उरलेलं तुम्ही दोघी हातांनी करत होतात. मी दोन्हीकडचं ऐकत होतो.

"बिणजारी ना तू?" तिने विचारलं.

"हो."

"बिणजारे छपराखाली कधीपासून झोपायला लागले?"

"तुमी देसान त्या दिवसापासून."

म्हातारी खुसखुसली. "मांसमच्छी शिजवशील माझ्या घरात?"

"नाही शिजवणार. लईच तोंडाले सुटलं त बाहेर जाऊन खाऊ अन् चूळ भरून येऊ."

"पोरगा तुझा कमावता ना? तो नाही आला विचारायला?"

"आलता. दोन दारं पाहून परत गेला. तिसऱ्या दाराची त्याले लाज वाटते." ते तुला कसं कळलं होतं, मला आजही ठाऊक नाही. तू तिच्यासमोर खाली बसलीस. "मले नाही वाटत. मले सून सोडाची हाय इथं. मरनाची हाक मारली तरी कोणी न येणाऱ्या जागी तिले नाही ठेवणार मी."

आणि मग तू तिला ते सांगितलंस. माझ्या आधी तुला एक मुलगा झाला होता. भर दुपारी, चढावरच्या तांड्यात. माणसं बैल घेऊन गेलेली, बाया कापूस वेचायला. तू हाका मारल्यास. खाली गावच्या विहिरीवर बाया पाणी भरत होत्या. तुला त्या दिसत होत्या आणि त्यांना तू ऐकू येत होतीस, कारण त्या माना वर करून पाहत होत्या. एकही चढून आली नाही. तांड्यावर कोण जाणार? संध्याकाळी बा आला तेव्हा लेकरू राहिलं नव्हतं.

"वारा मातर लई छान होता," तू म्हणालीस.

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं, पदराने हात पुसले आणि विचारलं, "बींदणीला, तुझ्या सुनेला, कितवा महिना?"

मी तिथून निघालो. प्रेसवर उशिरा पोचलो. मुनीमजी काय बोलले ते, माझे कान एवढे तिखट असूनही, मला ऐकू आलं नाही.

संध्याकाळी तू ऐटीत सांगितलंस, "खोली भेटली. गल्लीत, आतल्या बाजूची. म्हातारी तोंडाची फटकळ हाय, पण मनाची चांगली."

"काय काय विचारलं तिने?"

"काही नाही. अंबाडीची भाजी कशी करतेत ते इचारे."

"अच्छा," मी म्हणालो.

त्या खोलीला एकच झरोका होता आणि त्यातून वारा कधी आला नाही. मुलगी झाली तीही दुपारीच. तू दारात येऊन एकदा हाक मारलीस, आणि म्हातारी, तिची लेक, समोरची सोनारीण, एवढ्या बाया आत शिरल्या की तुलाच उभं राहायला जागा उरली नाही. मी प्रेसवरून धावत आलो तर गल्लीतल्या बाप्यांनी मला बाहेरच्या मोठ्या लाकडी पाट्यावर बसवलं आणि सुपारी दिली. आत तू आणि म्हातारी नाळ कुठे पुरायची यावरून मोठमोठ्याने भांडत होतात. इतकं गोड भांडण मी त्याआधी आणि त्यानंतर ऐकलेलं नाही.

पुढे तू तांड्यावर परतलीस, काही वर्षांनी तिथेच डोळे मिटलेस. मी यवतमाळला परत येऊन स्वतःचं वर्कशॉप काढलं, घर बांधलं. तू होतीस तोवर कितीदा तुझ्यासमोर चुलीपाशी बसलो. दरवेळी वाटायचं, विचारावं. त्याचं नाव ठेवलं होतं का? तो बासारखा होता की तुझ्यासारखा? विचारलं असतं तर मी उंटगाडीमागे उभा होतो हे तुला कळलं असतं, आणि त्या दोन दारांचंही बोलावं लागलं असतं. तू माझी लाज झाकलीस, मी तुझं दुःख झाकलं. दोघेही अंबाडीच्या भाजीवर बोलत राहिलो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि टाकलं असतं तरी ते तुला दुसऱ्या कोणी वाचून दाखवावं लागलं असतं. ते मला नको आहे. म्हणून ते इथेच राहील. फक्त एक सांगून टाकतो. लोक विचारतात, तुम्ही भावंडांत थोरले का? मी हो म्हणतो. आणि त्या दिवसापासून, दरवेळी, हो म्हणून झाल्यावर मनातल्या मनात म्हणतो, नाही, दुसरा.