पुसलेली पाटी

गुरुजी, जो प्रत्येक जिवात अंशरूपाने आहे आणि तरीही कुठे उणा होत नाही, त्या नारायणाच्या कृपेनेच आज हात लिहायला धजावला आहे. विषय मात्र लहान आहे. चौथीच्या वर्गात तुम्ही फळ्यावर चार अपूर्णांक लिहिले होते, एक षष्ठांश, एक तृतीयांश, एक चतुर्थांश आणि एक द्वितीयांश, आणि ते चढत्या क्रमाने लावायला सांगून पलीकडच्या तिसरीकडे वळला होतात. एकाच खोलीत दोन वर्ग होते, म्हणून पाट्या गोळा करून तुमच्यापुढे ठेवण्याचे काम माझे असे. देवळात पोथी वाचणाऱ्याची मी मुलगी. पावकी, निमकी, पाउणकी मला न अडखळता म्हणता येई आणि तुम्ही माझ्या पाठांतराचे कौतुक दुसऱ्या शिक्षकांनाही सांगत असा. पण पावकीतला पाव म्हणजेच फळ्यावरचा एक चतुर्थांश, हे मला उमगले नव्हते. दोनापेक्षा तीन मोठे, तिनापेक्षा चार मोठे, सर्वांत मोठे सहा, असा क्रम मी निःशंकपणे लावला.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी तुम्हाला आठवत असेल. दिघाशी गावच्या वरच्या आळीतली, मजुराची थोरली लेक, केसांना कधी तेल नसे. तिने नेमका उलटा क्रम लावलेला पाहून मी मोठ्याने हसले. ती पाटीवरून नजरही न काढता म्हणाली, "आमच्या घरी भाकरी मीच वाटते गो. सहा जनांत तोडली का तुकडा बारीक व्हतो. तुमच्या घरी मोठा व्हतो काय?" मागच्या ओळीतल्या पोरी तोंडावर परकर धरून हसल्या. तिचे बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळले, आणि तेच मला सोसले नाही.

पाट्या गोळा करून तुमच्या खुर्चीपर्यंत यायला दहा-बारा पावले होती. खांबाआड थांबून मी थुंकीने अंगठा ओला केला. तिचा क्रम माझ्या पाटीवर उतरवला आणि माझा तिच्या पाटीवर.

तुम्ही तिला उभे केलेत. ती म्हणाली, "मी आसा लिवला न्हाय, गुरुजी. पाटी कुनीतरी पुसली हाय." तुम्ही आवाज चढवला नाहीत. चूक क्षमा करता येते, खोटे बोलणे नाही, एवढेच म्हणालात आणि शाळा सुटेपर्यंत तिला दाराशी उभे केलेत. वर म्हणालात, पोथीवाल्यांच्या लेकीकडून शीक. मी मान खाली घातली, तो तुम्हाला विनय वाटला. पुढच्या आठवड्यापासून ती शाळेत आली नाही. पुढे धामणकर नाक्याजवळच्या कापडाच्या लूमवर ती सुताच्या कांड्या भरायला जाते, असे कानावर आले. वर्षाच्या शेवटी तुम्ही मला एक लहान पोथी दिलीत आणि आत आपल्या सुंदर अक्षरात "सत्यनिष्ठ विद्यार्थिनीस" असे लिहिलेत. तीच पोथी मी आजही नित्य वाचते. ते पहिले पान मात्र उघडत नाही.

गेल्या आठवड्यात नातीने विचारले, "आजी, छेद मोठा झाला की अपूर्णांक लहान का होतो गं?" मी ताटातली भाकरी हातात घेतली. भाकरी एकच, खाणारे वाढले तर प्रत्येकाचा घास लहान होणार, असे तिला समजावले. तिचे डोळे चमकले. "तुला कुणी शिकवलं हे?" तिने विचारले. मी म्हणाले, "आमच्या गुरुजींनी."

म्हणजे या वयातही मी तिची पाटी पुसली, गुरुजी.

तुमच्या हातून एका निरपराध मुलीवर अन्याय झाला आणि तो न कळताच तुम्ही गेलात. तो दोष तुमचा नाही, हे सांगण्यासाठी लिहायला बसले. पण खरे ते एवढेच नाही. ती जिवंत आहे. दिघाशीच्या देवळात मी निरूपण करायला जाते तेव्हा ती पुढच्याच रांगेत हात जोडून बसते, मला माई म्हणते आणि उठताना माझ्या पायांवर डोके ठेवते. मागच्या एकादशीला मी सत्यावरच बोलले. नाक्यावरून तिच्या गावाकडे रिक्षा जाते. या आठवड्यात दोनदा थांब्यापर्यंत गेले आणि भाजी घेऊन परत आले. तुम्ही उत्तर देणार नाही, म्हणूनच तुम्हाला लिहिले.

हा कागद त्याच पोथीत, न उघडलेल्या पानाशी ठेवते आहे. पुढेमागे कुणाच्या हाती आला, तर वाचणाऱ्या प्रत्येकाचे कल्याण होवो, आणि ज्याची क्षमा मागायची तो समोर आहे तोवर त्याला बोलण्याचे बळ मिळो.