आंजीच्या आखरावर नऊ झेंड्या

८ एप्रिल १९८४, रविवार.
हावड्याहून गाडी वर्ध्याला पोचली, नऊ तास लेट. आंजीत पाय ठेवला तर माय म्हणाली, वाळला. वाळलो नाही, फिट झालो.
कलकत्त्याच्या गोल्फ क्लबात सहा वर्षं झाली. यंदा क्लबाने जुन्या जमान्याचा सामना ठेवला होता. शंभर वर्षांपूर्वीसारख्या लाकडी दांड्याच्या काठ्या, कपडेही तसेच. त्यातला एक सेट आणि एक ड्रेस मी सोबत आणला आहे. स्टोअरकीपरने दिला. म्हणजे त्याला मी परत गेल्यावर सांगणार आहे.
पुढच्या रविवारी समुद्रपूरचे बंडूजी मला पाहायला येणार. त्यांची पोरगी पंचफुला मी मावसभावाच्या लग्नात पाहिली. पंगतीत तिने मला दोनदा वरण वाढलं. मी मागितलं नव्हतं. याआधी दोन ठिकाणी जुळलं नाही, कारण पोरगा कलकत्त्यात नेमकं काय करतो हे बाबांना सांगता येत नाही. मी तर प्रत्येक पत्रात लिहितो, गोल्फ असिस्टंट.
या वेळी सांगायचं नाही, दाखवायचं. बंडूजींसमोर फुल ड्रेसमध्ये जुना गोल्फ. ठरलं.

९ एप्रिल.
पाचला उठण्याचा निश्चय होता. साडेआठला उठलो. प्रवासाचा थकवा.
ड्रेस घालून पाहिला. गुडघ्याखाली चुण्या घालून बांधलेली पॅन्ट, लोकरीचे लांब मोजे, जाड कोट, टाय, चपटी टोपी. मायने विचारलं, पॅन्टीचं खालचं कापड कुठी गेलं. बाबा बैल घेऊन निघून गेले. ऊन बेचाळीस. खेळताना कोट काढायचा नाही. शंभर वर्षांपूर्वीचे साहेब काढत नव्हते.

१० एप्रिल, संध्याकाळ.
आखरावर प्रॅक्टिस. सकाळी इथे गावाची गुरं जमतात, नंतर दिवसभर मोकळं. जुन्या पद्धतीने ओल्या वाळूची ढेपळी करून तिच्यावर बॉल ठेवला. फटके चाळीस. बॉलला लागले तीन. हवा फार होती.
मी क्लबात खेळत नाही हे खरं. खेळणाऱ्याची बॅग उचलतो. पण सहा वर्षं पाहतो आहे. पाहणं म्हणजे अर्धं येणंच. उरलेलं अर्धं रविवारपर्यंत.
ओमप्रकाश आला होता. चौथीपर्यंत आम्ही सोबत, आता त्याचं सायकलचं दुकान आहे. म्हणाला, "काऊन बे नत्थू, जमिनीनं तुहं काय केलं?" अडाणी.

११ एप्रिल.
कोर्स आखला. नऊ खड्डे, नऊ झेंड्या, मायच्या जुन्या लाल लुगड्याच्या. प्रत्येकीवर डांबराने नंबर. अंतर पावलांनी मोजून वहीत लिहिलं, कोट आणि टाय घालून. सहा झेंड्या आखरावर, तीन पलीकडच्या वावरांत. कापसाची पऱ्हाटी उपटलेली, वावरं रिकामीच. लोक लांबून पाहत होते. कोणी हसलं नाही. याला आदर म्हणतात.

१२ एप्रिल.
सकाळी कवडूजी दह्याचं गाडगं घेऊन आले. सात नंबर त्यांच्या वावरात आहे. हात जोडून म्हणाले, झेंडी जराशी धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधाच्या त्या बाजूला, सरकवता येईल का. सरकवली. दुपारी धुऱ्यापलीकडचे लक्ष्मणराव हरभऱ्याची डाळ घेऊन आले. त्यांचंही तेच, पण उलट दिशेने. परत सरकवली. डिझाइनचा इतका विचार कलकत्त्याचे मेंबर करत नाहीत.
दोघेही मला सायेब म्हणाले. दही चांगलं होतं.

१३ एप्रिल, शुक्रवार.
ओमप्रकाश सांगतो, गावाला वाटतं कालवा येऊन राह्यला आणि मी सर्व्हेचा माणूस. झेंडी जिथे, कालवा तिथून. कवडूजींच्या घरी दोन दिवस कोणी धड जेवलं नाही. म्हणाला, सांगून टाक.
सांगणारच होतो. पण पारावर गेलो तर बसलेले लोक उठून उभे राहिले. आजवर माझ्यासाठी कोणी उभं राहिलं नाही. क्लबात मीच उभा असतो. आणि परवा बंडूजी याच पारावरून येणार. त्यांच्या कानावर सायेब पडलं तर वाईट काय? खोटं मी बोललो नाही. खरं फक्त सोमवारी बोलायचं आहे. पक्का निश्चय.

१४ एप्रिल.
जयंतीची मिरवणूक, म्हणून प्रॅक्टिसला सुट्टी. दही पुन्हा आलं. खाल्लं. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता.

१५ एप्रिल, रविवार, संध्याकाळ.
बंडूजी अकराच्या एसटीने आले. पारावर कवडूजींनी त्यांना गाठलं. सायेब किती चांगले, रोज दही पाठवतो, हे सगळं सांगितलं. घरी बंडूजींनी चहा संपवला. मग म्हणाले, "आमचं अर्धं वावर कालव्यात गेलं. तवा झेंड्या लावणारे तुम्हीच का, बाबू?"
बाबा माझ्याकडे पाहायला लागले. मी टोपीकडे.
म्हणालो, हा खेळ आहे, चला दाखवतो. आम्ही निघालो, मागून अख्खं गाव. पहिला फटका, हवा. दुसरा, वाळू. तिसऱ्याला बॉल चार हात गेला आणि काठीचं डोकं कवडूजींच्या वावरात. गाव गंभीर. त्यांना वाटलं, माप घेतलं.
बंडूजींनी जवळ येऊन विचारलं, तिथं तुम्ही असंच मारता का. मी त्यांच्या कानात सांगितलं, मारत नाही, दुसऱ्याची बॅग उचलतो.
त्यांनी झेंडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हमालाले पोरगी देली असती मी. काम हाय ते. पण हे लोक भेले, अन् तू त्यायचं दही खाल्लं."
जाताना बाबांना म्हणाले, पोरानं गावाले खरं सांगितलं तर मले कळवजा, मंग पाहू.
म्हणजे नकार नाही. होकारच, फक्त एक अट.

१६ एप्रिल, सोमवार.
सकाळी सातला पारावर उभा राहिलो. सगळं सांगितलं. कालवा नाही. हा खेळ आहे. मी बॅग उचलणारा. ड्रेस न विचारता आणलेला. लोकांनी शांतपणे ऐकलं. लक्ष्मणराव शेजाऱ्याला म्हणाले, वरून दाब आला असन.
मग एकेक झेंडी सगळ्यांसमोर उपटली. टाळ्या वाजल्या. कवडूजींच्या डोळ्यांत पाणी. "कालवा रद्द केला सायेबानं," ते म्हणाले, "अन् सोताचं नाव बी घेऊ देत नाई."
मी मायची शपथ घेतली. ती तर त्यांना फारच आवडली.

१७ एप्रिल, सकाळी साडेनऊ.
बाबा सांगतात, कवडूजी पहाटेच्या एसटीने समुद्रपूरला गेले. बंडूजींकडे. एवढा मोठा सायेब हातचा घालवू नका, हे सांगायला.

दहा वाजता.
कवडूजींना गाठायला ओमप्रकाशकडे सायकल मागितली. दुकानातल्या सगळ्या पंक्चर आहेत. म्हणूनच दुकानात आहेत, म्हणाला.

साडेदहा.
वर्ध्याला एसटी बदलून कवडूजी आता पोचले असतील.