बर्नार्डच्या शवपेटीतला निळा मफलर

लिव्हरपूल, मंगळवार, २२ एप्रिल २०२५

ऑस्टिन भावोजींना विनिफ्रेडचा नमस्कार.

शुक्रवार, १४ मार्च, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. त्या वेळी तुम्ही तुमच्या सख्ख्या भावाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, शवपेटीत तुमच्या फुटबॉल क्लबचा निळा मफलर सरकवलात. त्यांच्या कोटाच्या बाहीखालून झालर दिसली, पण तेवढ्यात झाकण लागले आणि फादर प्रार्थना म्हणू लागले, म्हणून मी गप्प बसले. (तुमचा गुडघा कसा आहे? कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी आधी प्रकृती विचारायला शिकवले आहे, म्हणून विचारते.)

बर्नार्डने जन्मभर आमच्या लाल क्लबशी इमान राखले. एका आईची दोन लेकरं, एक लाल, एक निळे. या शहरात त्याचे कुणाला नवल नाही. पण १८९२ साली भाड्यावरून भांडून तुमचे लोक मैदान सोडून गेले आणि त्या रिकाम्या मैदानासाठी आमचा क्लब जन्मला, हे बर्नार्ड तुम्हाला दर नाताळला जेवताना ऐकवायचे. तुम्ही म्हणायचात, "टाकलेल्या घरात राहणाऱ्यांनी एवढा तोरा मिरवू नये." मग पुडिंग गार व्हायचे.

त्यांचे कॅलेंडरच वेगळे होते. सत्त्याहत्तर साली युरोपचा पहिला कप जिंकला तेव्हा हे रोममध्ये आणि मी प्रसूतिगृहात. परत आले ते पोपच्या आशीर्वादाची जपमाळ घेऊन, म्हणून संसार टिकला. असे सहा कप झाले. नव्वदनंतर मात्र लीगचे विजेतेपद तीस वर्षे आले नाही, आणि आले ते कोरोनाच्या साथीत, मैदानाला कुलूप असताना. बैठकीतल्या टीव्हीसमोर हे लाल टोपी घालून बसले आणि म्हणाले, "विनी, पुढचं मात्र तिथं बसून बघायचं." ते पुढचे, विसावे, या रविवारी मिळेल असे सगळे म्हणतात. सात आठवडे आणखी थांबले असते तर काय बिघडले असते?

मफलरबद्दल विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात, "वहिनी, जन्मभर त्याचं ऐकून घेतलं. एकदा तरी त्याला उलट बोलता येणार नाही असा डाव टाकू द्या." वर ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी, मांस वर्ज्य असताना, हॅमची सँडविचेस आणलीत. तुमच्याशी बोलायचे नाही, असे मी त्याच दिवशी ठरवले.

विनिफ्रेड

ता. क. रविवारी मैदानात माझ्या शेजारची त्यांची खुर्ची रिकामी आहे. मुलगी म्हणते, कुणालाही दे. मला कुणीही नको.

ता. क. दुसरा. राखाडी कोट घालून या. तुम्ही गाऊ नका, टाळ्याही वाजवू नका. फक्त सगळे उठतील तेव्हा उठा. त्यांना उठताना मी कोपराला धरायची, आणि माझा हात अजून तिकडे जातो.

येणार की नाही, ते गुरुवारी दुपारी बारापूर्वी लेखी कळवा. फोन करू नका. फोनवर तुम्ही रडता, आणि मग मला पुढचे काही बोलता येत नाही.