उंबरवाडीची नाव आणि तिचा निम्मा हिस्सा

मी, कोंडिबा रखमाजी पारठे, वय अंदाजे बाहत्तर, धंदा नाव हाकणे, राहणार उंबरवाडी, तालुका भोर, हे मृत्युपत्र जगन गायकवाड मास्तरांकडून लिहवून घेत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. बायकोचं मत वेगळं आहे, पण ते लग्नापासूनच वेगळं आहे. कोणाची जबरदस्ती नाही.

एक. राहतं घर, परसातल्या फणसासह, बायको ठकुबाईला. माझ्यामागे तिने मुलाकडे पुण्याला जाऊ नये. तिथे तिला भांडायला ओळखीचं कोणी मिळणार नाही.

दोन. डोंगरउताराची वरकस जमीन आणि माझा लोकरी कोट मुलगा मानसिंग याला. कोट अंगात घालावा, नुसता खुंटीला लावू नये. नावेवर त्याचा हक्क नाही. तो निम्म्या फळ्या काढून घराला दरवाजा करू म्हणतो.

तीन. नावेत निम्मा हिस्सा माझा, निम्मा गेनबा भिमाजी साळेकर यांचा. १९५१ साली भोरच्या सुताराकडून आम्ही दोघांनी ती बांधून घेतली. भाटघर धरणाच्या पाण्यावर तिने नवऱ्या, बाळंतिणी, शेरडं, मतपेट्या आणि तीन शाळातपासनीस या सगळ्यांना पलीकडे पोचवलं. तपासनीस तेवढे ओरडले. पाण्याखाली आमचं जुनं गाव आहे, आणि नाव आम्ही त्याच्याच खुणांवर हाकतो. मारुतीच्या कळसावरनं चाललोय म्हटलं की परका माणूस फळी घट्ट धरतो.

१९६२ च्या उन्हाळ्यात पाणी उतरलं होतं. वऱ्हाड भरलेलं असताना नाव एका बुडालेल्या ओट्यावर आपटून फुटली. सुकाणू माझ्या हातात होतं, गेनबा पुढे काठी घेऊन उभे. पाणी छातीएवढंच, त्यामुळे जीव कोणाचा गेला नाही. मुहूर्त तेवढा गेला. गेनबा म्हणाले, ओटा तुझ्या घराचा, तुला ठाऊक हवा होता. मी चारचौघांत म्हणालो, ओटा तुझ्या बापाचा, आणि तू उभ्या उभ्या झोपला होतास.

तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. नाव एकट्याने चालत नाही, म्हणून बारा वर्षं आम्ही उतारूंच्या तोंडून बोलतो: ह्यांना सांगा, दोर सोडा. जुने उतारू आता न सांगताच निरोप पोचवतात.

चार. आता खरं सांगतो. गेल्या दुष्काळात तळ उघडा पडला, तेव्हा मी एकटा तिथे गेलो. ओट्यालगत आमचंच उखळ होतं; त्याचा काठ लहानपणी मीच फोडलेला. मी त्यावर चिखल लिंपला आणि घरी आलो. ओटा आमचा, चूक माझी. मला त्याची लाज वाटते, आणि गेनबांशी न बोलता मरायची भीती त्याहून जास्त वाटते.

पाच. नावेतला माझा हिस्सा गेनबांना. माझ्या हातून ते तंबाखूची चिमूटही घेत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण त्यांनी नाकारला तर हिस्सा वारसाने मानसिंगकडे जाईल आणि उंबरवाडीला नाव उरणार नाही. तरी त्यांनी तो घ्यावा.

वरील मजकूर मास्तरांनी गेनबांना बोलावून वाचून दाखवला. गेनबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पुढचं बोलणं मी जसंच्या तसं लिहायला लावलं आहे.

"कोंडिबा, म्या बी गेलतो त्या दिशी. तू चिखल लिंपत हुतास, म्या बांधाआड हुतो."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू सांगशील म्हनून थांबलो."

हिस्सा त्यांनी कबूल केला. मात्र एक अट घातली, ती इथे नोंदवतो.

सहा. कोंडिबा हयात आहे तोवर नाव निम्मी-निम्मीच. उद्या बाजार आहे, त्याने वेळेवर यावं.

मुक्काम उंबरवाडी, ४ फेब्रुवारी १९७४
कोंडिबा रखमाजी पारठे, डाव्या अंगठ्याचा ठसा

साक्षीदार:
१. सगुणाबाई पारठे, शेजारीण, अंगठा
२. भिमा शेडगे, नावेचे रोजचे उतारू, सही

लिहिणार: जगन गायकवाड, शिक्षक. गेनबांना मिळकत मिळत असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही. ते खाली बसून कोंडिबांशी बोलत आहेत.