आईने पाठवलेला चहा

बोस्टन, मार्च १७७४

प्रिय आईस,

मी ठीक आहे. घड्याळं दुरुस्तीला भरपूर येतात.

ब्रिस्टलहून तू पाठवलेला चहा पोचला. पण राजाने त्यावर कर लावल्यापासून इथे चहा कुणी पीत नाही. घरमालकीण मर्सीबाई म्हणाल्या, "पोरी, राजाचा चहा प्यायचा तर बिऱ्हाड हलव. नाहीतर चल चौकात."

मी गेले. सगळ्यांसमोर पुडी जाळात टाकली. टाळ्या वाजल्या. धुराने चौक धूसर झाला, आणि वाटलं, पलीकडे तूच किटली उतरवते आहेस. जाळ विझेपर्यंत मी हलले नाही.

"धूर गेला वाटतं डोळ्यांत?" मर्सीबाईंनी विचारलं. मी हो म्हटलं.

बाबांचा खोकला कसा आहे? आता चहा पाठवू नकोस. चहाच्या डब्यात अंथरतेस ते जुनं फडकं पाठव. त्यावर कर नाही.

तुझीच,
टॅबिथा